डीआरव्हीव्हीटीचा रेशो दर वेळी वेगळा येतो? घोणशीवर आळ घेण्याआधी सेकंद वाचा

तक्रार अशी. लुपस अँटीकोॲग्युलंटसाठी (चाचणीत प्लाझ्मा गोठायला उशीर लावणाऱ्या प्रतिपिंडांसाठी) नमुना येतो, डीआरव्हीव्हीटी, म्हणजे घोणशीचं विरळ विष घालून गोठण्याची वेळ मोजणारी चाचणी, पॉझिटिव्ह. बारा आठवड्यांनी तोच रुग्ण परत येतो, आता निगेटिव्ह. डॉक्टरांचा फोन येतो. फ्रीझरमधला जुना प्लाझ्मा काढून पुन्हा लावावा, तर तो काठावर. कंट्रोल मात्र प्रत्येक वेळी हद्दीत. मग विषाच्या रिएजंटवर संशय जातो. लॉट बदलतो, नवी बाटली उघडली जाते, महिनाभर बरं चालतं आणि पुन्हा तेच सुरू.

या चक्रात मी बराच काळ फिरलो आहे. त्यातून एक सवय लागली: रेशो बघण्याआधी गोठायला लागलेल्या चार वेळा सेकंदांत कागदावर लिहायच्या. रुग्णाचा स्क्रीन (जेमतेम फॉस्फोलिपिड घालून केलेली पहिली चाचणी), रुग्णाचा कन्फर्म (भरपूर फॉस्फोलिपिड घालून केलेली पडताळणी), पूल्ड नॉर्मल प्लाझ्माचा (अनेक निरोगी माणसांच्या प्लाझ्माच्या मिश्रणाचा) स्क्रीन आणि त्याचाच कन्फर्म. चूक कुठे झाली हे बहुतेक वेळा या चार आकड्यांतच दिसतं. रेशो काढला की ते दिसेनासं होतं, कारण अगदी वेगवेगळ्या चुका भागाकारानंतर एकाच आकड्यावर येऊन उभ्या राहतात.

आधी, बाटलीतलं विष नेमकं काय करतं

घोणशीच्या विषातलं एक एन्झाइम कॅल्शियमच्या मदतीने फॅक्टर दहाला (फॅक्टर म्हणजे रक्त गोठवणारी, क्रमांक दिलेली प्रथिनं) थेट सक्रिय करतं. त्याला फॅक्टर सात लागत नाही, आठ, नऊ, अकरा, बाराही लागत नाहीत. त्याच विषातलं दुसरं एन्झाइम फॅक्टर पाचला कामाला लावतं. म्हणजे साखळी मधल्याच दारातून सुरू होते आणि पुढे दहा, पाच, प्रोथ्रॉम्बिन, फायब्रिनोजेन, कॅल्शियम आणि फॉस्फोलिपिड (पेशींच्या आवरणातला स्निग्ध पदार्थ, ज्याच्यावर गोठण्याची क्रिया घडते) एवढ्यांचाच संबंध उरतो. मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी १९३४ साली हेच विष १०,००० भागांत १ इतकं पातळ करून हिमोफिलियाच्या रुग्णांचा स्थानिक रक्तस्राव थांबवायला वापरलं. आठवा फॅक्टर नसतानाही ते का चाललं, याचं उत्तर वरच्या यादीत आहे.

त्यागराजन, पेंगो आणि शापिरो यांनी १९८६ साली मांडलेल्या चाचणीत विष आणि फॉस्फोलिपिड दोन्ही मुद्दाम विरळ केलेली आहेत. नावातल्या ‘डायल्यूट’ या शब्दातच तिचं सगळं मर्म आहे. फॉस्फोलिपिड जेमतेम असल्यामुळे प्रतिपिंडांनी त्यातलं थोडं जरी अडवलं तरी गोठायला उशीर होतो. कन्फर्ममध्ये फॉस्फोलिपिड भरपूर असतं, प्रतिपिंड पुरे पडत नाहीत आणि वेळ पुन्हा खाली येते.

आता याची दुसरी बाजू. नमुन्यात कुठूनही जास्तीचं फॉस्फोलिपिड शिरलं, तर तुमचा स्क्रीन कुणाला न सांगता कन्फर्मसारखा वागू लागतो. आमची निम्मी डोकेदुखी या एका वाक्यात होती.

आणि कंट्रोल हद्दीत का राहतो? कारण तो बाटलीतून येतो. त्यात प्लेटलेट्स नाहीत, रुग्णाने सकाळी घेतलेली गोळी नाही, अर्धवट भरलेली ट्यूब नाही. कंट्रोल पास होणं म्हणजे रिएजंट आणि यंत्र ठीक आहेत, इतकंच. नमुन्याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. तरीही आपण रिएजंटच बदलत बसतो.

स्क्रीन घसरला, कन्फर्म जागच्या जागी

समजा पूल्ड नॉर्मलचा स्क्रीन ३६ सेकंद आणि कन्फर्म ३३ सेकंद आहे. रुग्णाचा ताजा नमुना: स्क्रीन ५८, कन्फर्म ४०. ५८ भागिले ३६ म्हणजे १.६१, ४० भागिले ३३ म्हणजे १.२१, आणि त्यांचा भागाकार १.३३. कटऑफ १.२० धरला तर सरळ पॉझिटिव्ह. हाच नमुना गोठवून, वितळवून पुन्हा लावला: स्क्रीन ४५, कन्फर्म ३९. रेशो १.०६.

इथे कन्फर्म एका सेकंदाने हलला आणि स्क्रीन तेरा सेकंदांनी खाली आला. विष खराब झालं असतं तर वेळा लांबल्या असत्या, आणि दोन्हीकडे. फक्त स्क्रीन आखूड होतो तेव्हा नमुन्यात फॉस्फोलिपिड वाढलेलं असतं. ते आलं प्लाझ्मात राहून गेलेल्या प्लेटलेट्समधून. गोठवताना त्या फुटतात, त्यांच्या आवरणाचे तुकडे प्रतिपिंडांना गुंतवून ठेवतात आणि खरा पॉझिटिव्ह रुग्ण निगेटिव्ह होऊन बाहेर पडतो. ताजा लावलेला नमुना बरोबर आणि साठवलेला चुकीचा, असं दिसलं की आधी इथेच बघा.

अपेक्षा अशी की लुपस अँटीकोॲग्युलंटच्या प्लाझ्मात प्लेटलेट्स दर मायक्रोलिटरमागे १०,००० पेक्षा कमी असाव्यात. त्यासाठी सेंट्रिफ्यूजमध्ये दोनदा फिरवावं लागतं: पहिल्यांदा २००० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या २००० पट जोरावर) १५ मिनिटं. मग पांढऱ्या थरापासून अंतर राखून प्लाझ्मा प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये घ्यायचा आणि २५०० जी पेक्षा जास्त जोरावर आणखी १० मिनिटं. दुसऱ्या फेरीनंतर तळाचा थोडा प्लाझ्मा सोडून द्यायचा. तो वाया जातो म्हणून हळहळ वाटते, पण प्लेटलेट्स नेमक्या तिथेच बसलेल्या असतात.

‘आम्ही दोनदाच फिरवतो’ असं जवळपास प्रत्येक जण सांगतो. मग सेंट्रिफ्यूजवरचा कागद बघायचा. आमच्या यंत्रावर लिहिलं होतं: ३००० आरपीएम. कुणाच्या हस्ताक्षरात, कधीचं, माहीत नाही. आरपीएम म्हणजे मिनिटाला किती फेरे; ते जी नव्हे. जी काढायचं तर १.११८ गुणिले १० चा उणे ५ वा घात, गुणिले सेंटिमीटरमधली त्रिज्या, गुणिले आरपीएमचा वर्ग. त्रिज्या १६ सेंटिमीटर असेल तर ३००० वर साधारण १६१० जी मिळतात. त्रिज्या १० असेल तर त्याच ३००० वर जेमतेम १००६. म्हणजे एकाच खोलीतल्या दोन यंत्रांवर एकच आकडा लावून दोन वेगळे प्लाझ्मा तयार होत होते, आणि कोणता नमुना कोणत्या यंत्रात गेला याची नोंद कुठेच नव्हती. रेशो दर वेळी बदलायचा तो यामुळे! १६ सेंटिमीटरवर २००० जी हवे असतील तर सुमारे ३३४५ आरपीएम लागतात, २५०० साठी सुमारे ३७४०. तुमच्या रोटरची त्रिज्या मोजून आपला आकडा काढा, दुसऱ्याचा उतरवून घेऊ नका. ब्रेकही बंद ठेवा. झटक्याने थांबलेला रोटर खाली बसलेल्या प्लेटलेट्स पुन्हा वर उडवतो.

खात्री करायची असेल तर एक सोपा प्रयोग आहे. माहीत असलेल्या पॉझिटिव्ह रुग्णाचं रक्त दोन ट्यूबमध्ये घ्या. एक एकदाच फिरवा, दुसरी दोनदा. दोन्ही प्लाझ्मा सेल काउंटरवर लावून प्लेटलेट्स बघा, गोठवा, दुसऱ्या दिवशी एकाच रनमध्ये लावा. स्क्रीनमधला फरक डोळ्यांनी बघितला की संपूर्ण टीमला दोनदा फिरवण्याचं महत्त्व समजावत बसावं लागत नाही. प्लाझ्मा बारीक फिल्टरमधून गाळण्याचा शॉर्टकट काही जण सुचवतात. मी तो टाळतो, कारण गाळताना प्लेटलेट्सचे सूक्ष्म तुकडे तयार होऊ शकतात आणि आपण जे हटवायला निघालो तेच पदरात पडतं.

वितळवताना ३७ अंशांच्या पाण्यात साधारण ५ मिनिटं, मग हलक्या हाताने उलटसुलट करून नीट मिसळायचं. टेबलावर ठेवून हळूहळू वितळवलेला प्लाझ्मा वर-खाली सारखा नसतो. आणि एकदा वितळलेला पुन्हा गोठवायचा नाही.

दोन्ही वेळा वर गेल्या

आता दुसरा रुग्ण. पूल्ड नॉर्मल तोच, ३६ आणि ३३. रुग्णाचा स्क्रीन ७४, कन्फर्म ५०. म्हणजे २.०६ भागिले १.५२, रेशो १.३६. वरच्या खऱ्या पॉझिटिव्ह रुग्णाच्या १.३३ ला अगदी चिकटून. रिपोर्टवर दोघे जुळे भाऊ. पण सेकंद वाचले तर यांचं काहीच जुळत नाही. इथे कन्फर्मसुद्धा चांगलाच लांबला आहे. फॉस्फोलिपिड भरपूर देऊनही तो सावरला नाही, म्हणजे अडथळा फॉस्फोलिपिडच्या बाहेर कुठेतरी आहे.

अशा वेळी माझा पहिला प्रश्न असतो: गोळी कोणती चालू आहे? रिव्हारोक्साबान हे रक्त पातळ करणारं औषध सक्रिय फॅक्टर दहालाच धरतं, आणि घोणशीच्या विषाने आपण साखळी तिथूनच तर सुरू करतो. त्यामुळे दोन्ही वेळा लांबतात, पण कमी फॉस्फोलिपिड असलेला स्क्रीन जास्त लांबतो आणि रेशो खोटा पॉझिटिव्ह होतो. औषधाची पातळी उतरली की रेशोही उतरतो. नमुना गोळीनंतर दोन तासांनी घेतला की पॉझिटिव्ह, दुसऱ्या दिवशी गोळीआधी घेतला की काठावर. बारा आठवड्यांच्या अंतराने असं घडलं तर ‘प्रतिपिंड गेले’ असा निष्कर्ष निघतो, आणि तो चुकीचा असतो.

उपाय शक्यतो रक्त काढण्याआधीचा. पुढची गोळी घेण्याच्या आधी, म्हणजे शेवटच्या डोसनंतर किमान १२ तासांनी नमुना घ्यावा. तरीही थोडं औषध उरू शकतं, म्हणून ॲन्टी-टेन-ए (प्लाझ्मात असं औषध किती उरलंय हे सांगणारी चाचणी) मोजून बघावं. सक्रिय कोळशाने प्लाझ्मातलं औषध शोषून घेण्याची पद्धत उपयोगी पडते. मात्र कोळसा पूर्ण खाली बसेपर्यंत फिरवा, नाहीतर काळे कण ऑप्टिकल यंत्राला नाचवतात.

वॉरफरिन या दुसऱ्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं चित्र वेगळं. तिथे प्रोथ्रॉम्बिन आणि दहा दोन्ही कमी पडतात, दोन्ही वेळा लांबतात आणि रेशो कधी बरोबर, कधी दिशाभूल करणारा. आयएनआर (वॉरफरिनचा परिणाम दाखवणारा आकडा) १.५ ते ३ च्या दरम्यान असेल तर पूल्ड नॉर्मलसोबत अर्धा-अर्धा मिसळून लावता येतं, पण कमकुवत प्रतिपिंड त्या मिश्रणात विरून जातात. त्याच्याही वर आयएनआर असेल तर मी अर्थ लावत नाही, नमुना पुढे ढकलायला सांगतो.

हेपरिन की दुसरं काही: इथे बाकीचे साप मदतीला येतात

बहुतेक डीआरव्हीव्हीटी रिएजंटमध्ये हेपरिन (इंजेक्शनने देतात ते रक्त पातळ करणारं औषध) निष्प्रभ करणारा घटक असतो, साधारण ०.८ ते १.० युनिट प्रति मिलिलिटरपर्यंत पुरणारा. हेपरिन चालू असलेल्या लाइनमधून नमुना काढला की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. मागणीपत्रावर अर्थातच काही लिहिलेलं नसतं.

शोध असा घ्या. थ्रॉम्बिन टाइम (थ्रॉम्बिन घालून प्लाझ्मा गोठायला लागणारी वेळ) लावा. तो लांबला तर त्याच प्लाझ्मावर रेप्टिलेझ टाइम लावा. रेप्टिलेझ हे दक्षिण अमेरिकेतल्या बोथ्रॉप्स जातीच्या सापांच्या विषातलं एन्झाइम. ते थ्रॉम्बिनसारखं फायब्रिनोजेन कापतं, पण फक्त फायब्रिनोपेप्टाइड ए सोडवतं आणि हेपरिन-अँटीथ्रॉम्बिनची जोडी त्याला हात लावू शकत नाही. थ्रॉम्बिन टाइम लांब आणि रेप्टिलेझ नॉर्मल, तर प्लाझ्मात हेपरिन किंवा डॅबिगाट्रानसारखं थ्रॉम्बिन अडवणारं औषध आहे. दोन्ही लांब असतील तर फायब्रिनोजेनकडे वळा. ते कमी आहे, सदोष आहे किंवा विघटनाचे तुकडे वाढलेत.

हेपरिन आणि डॅबिगाट्रान वेगळे करायचे तर एकारिन लावा. हे फुरशाच्या विषातलं. ते प्रोथ्रॉम्बिनपासून मेझोथ्रॉम्बिन बनवतं, आणि त्याला ना कॅल्शियम लागतं ना फॉस्फोलिपिड. मेझोथ्रॉम्बिनवर हेपरिनचा फारसा जोर चालत नाही, डॅबिगाट्रानचा चालतो. एकारिन टाइम लांबला तर डॅबिगाट्रान, नाही लांबला तर हेपरिन. प्रत्येक विष साखळीत वेगळ्या दारातून शिरतं, त्यामुळे कोणतं दार अडलंय ते चाचपून बघता येतं.

याच युक्तीचा दुसरा वापर रिव्हारोक्साबानच्या रुग्णात होतो. टायपॅन या ऑस्ट्रेलियातल्या सापाचं विषही प्रोथ्रॉम्बिनच सक्रिय करतं, मात्र त्याला फॉस्फोलिपिड आणि कॅल्शियम लागतं. म्हणून टायपॅन टाइम स्क्रीनच्या जागी आणि एकारिन टाइम कन्फर्मच्या जागी, अशी जोडी लावतात. दोन्ही विषं फॅक्टर दहाच्या पुढच्या पायरीवर काम करतात, त्यामुळे दहाला अडवणारी औषधं मध्ये येत नाहीत. डॅबिगाट्रान मात्र इथेही खोडा घालतं. ही जोडी तुमच्याकडे नसेल तर किमान ज्या प्रयोगशाळेत आहे तिथे नमुना पाठवा. औषध चालू असलेल्या नमुन्यावर डीआरव्हीव्हीटी तीनदा लावून सरासरी काढण्याला काहीही अर्थ नाही. चुकीच्या उत्तराची सरासरी चुकीचीच येणार.

सगळेच रुग्ण एकदम वर सरकले

एका आठवड्यात आमच्याकडे अचानक पॉझिटिव्ह वाढले. काठावरचे तर रांगेने. अर्थातच पुन्हा विषाच्या लॉटवर संशय. या वेळी चारही आकडे लिहिलेले होते म्हणून अर्ध्या तासात सापडलं.

आधीचा पूल्ड नॉर्मल ३६ आणि ३३. नव्या पूलचा स्क्रीन ३२, कन्फर्म तोच ३३. एका निरोगी माणसाचा स्क्रीन ४१ आणि कन्फर्म ३५ धरा. जुन्या पूलवर रेशो १.०७. नव्या पूलवर १.२१. रुग्णाचं काहीही बदललेलं नाही, भाजकच आखूड झाला. पूल आम्हीच तयार केला होता, घाईत, एकदाच फिरवून गोठवलेल्या प्लाझ्मामधून. वर सांगितलेली प्लेटलेट्सची चूक या वेळी रुग्णाच्या ट्यूबमधून पूलमध्ये शिरली होती, आणि तिथून प्रत्येक रुग्णाच्या रेशोमध्ये.

पूल्ड नॉर्मलच्या दोन्ही वेळा रोजच्या रोज आलेखावर मांडा, कंट्रोलसारख्याच. फक्त स्क्रीन घसरत असेल तर पूल टाकून द्या. दोन्ही हळूहळू लांबत असतील तर रिएजंट किंवा साठवण बघा.

रिएजंट खरंच दोषी असतो तेव्हा

क्वचित असतो, पण असतो. फ्रीजमधून काढलेली बाटली लगेच उघडली की आत दमट हवा शिरते. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. पाणी पिपेटने मोजून घाला, झाकणाने किंवा अंदाजाने नाही. जोरात हलवू नका. फेस आला की त्यात प्रथिनं अडकतात आणि यंत्राची सुई फेसालाच द्रव समजते. गोल फिरवून विरघळवा, कंपनीने सांगितलेली वाट पाहा, आणि यंत्रावर ठेवण्याआधी पुन्हा एकदा मिसळा, कारण फॉस्फोलिपिड तळाशी बसू शकतं. स्क्रीनचा एक लॉट आणि कन्फर्मचा दुसराच, अशी मोट बांधू नका. दिवसभर झाकणाविना यंत्रावर राहिलेली बाटली बाष्पीभवनाने दाट होते. सकाळच्या आणि संध्याकाळच्या कंट्रोलमध्ये ते दिसतं, फक्त संध्याकाळचा कंट्रोल कुणी लावत नाही.

ट्यूब नीट भरलेली हवी, रक्त आणि सायट्रेट (ट्यूबमधलं, रक्त गोठू न देणारं द्रव) ९ ला १. हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा टक्का) ५५ टक्क्यांच्या वर असेल तर सायट्रेट कमी करावं लागतं: ०.००१८५ गुणिले, १०० उणे हिमॅटोक्रिट, गुणिले रक्ताचे मिलिलिटर. हिमॅटोक्रिट ६० आणि रक्त ४.५ मिलिलिटर असेल तर ०.३३ मिलिलिटर. नेहमीचं ०.५ तसंच ठेवलं तर जास्तीचं सायट्रेट चाचणीतलं कॅल्शियम खातं आणि सगळ्याच वेळा लांबतात.

विष चाचणीच्या बाहेर सांडतं

शेवटचा प्रकार डीआरव्हीव्हीटीचा नाही, पण तितकाच छळणारा. मधूनच एखाद्या रुग्णाचा एपीटीटी (गोठण्याची वेळ मोजणारी एक नेहमीची चाचणी) विनाकारण आखूड येतो आणि पुन्हा लावला की नॉर्मल. यंत्राची नोंद मागे जाऊन पाहिली, तर प्रत्येक वेळी त्याच्या आधी त्याच सुईने रेप्टिलेझ टाकलेलं होतं. हे एन्झाइम फायब्रिनोजेन थेट गोठवतं आणि त्याला रोखणारं प्लाझ्मात फारसं काही नाही. सुईवर राहिलेला अंशही पुढच्या क्युव्हेटमध्ये (चाचणीच्या छोट्या भांड्यात) गोंधळ घालतो. एकारिनबाबतही हीच काळजी.

तपासायला एकच नॉर्मल प्लाझ्मा घ्या. एपीटीटी तीनदा लावा, मग रेप्टिलेझ, मग लगेच पुन्हा एपीटीटी तीनदा. रेप्टिलेझनंतरचा पहिला आखूड, दुसरा जरा बरा आणि तिसरा पूर्ववत आला तर सुई धुणं अपुरं आहे. यंत्राच्या सेटिंगमध्ये त्या जोडीसाठी जादा धुणं टाका, आणि ते शक्य नसेल तर विषाच्या चाचण्या दिवसाच्या शेवटी एकत्र लावा. आम्ही दोन्ही केलं. सेंट्रिफ्यूजवरचा तो ३००० चा कागदही काढला. आता तिथे प्रत्येक यंत्राची त्रिज्या, जी आणि त्यावरून काढलेला आरपीएम, असे तीन आकडे चिकटवलेले आहेत.